फ्रीजरमधल्या लग्नपत्रिका

मे महिन्याच्या भर दुपारी सिंधीपुऱ्यात मी कुल्फी खात होतो. तेवढ्यात पन्नाशीचा एक माणूस लग्नपत्रिकांची पिशवी छातीशी धरून दुकानात शिरला.

"भैया, ह्या पत्रिका थोडी देर फ्रीजरमध्ये ठेवू द्या ना."

ऊन लागलं असेल म्हणून दुकानदारानं त्याला आधी पाणी पाजलं.

मग उलगडा झाला. मुलीनं त्याला नव्या तऱ्हेचं पेन दिलं होतं. चुकलेलं अक्षर मागच्या रबरानं घासलं की घर्षणाच्या उष्णतेनं शाई उडते. त्यानं सगळ्या पाहुण्यांची नावं त्याच पेननं लिहिली आणि पत्रिका स्कूटरच्या डिकीत ठेवल्या. बुऱ्हाणपूरच्या उन्हानं एकही पाहुणा शिल्लक ठेवला नाही.

"पोरगी म्हणते, खूप थंडीत नावं परत येतात. लग्न तोंडावर आलंय हो!"

आम्ही तिघं फ्रीजरवर वाकून उभे राहिलो. हळूहळू फिकट नावं उमटू लागली. प्रत्येकाला "या, या" म्हणत तो साध्या बॉलपेननं गिरवू लागला.

शेवटी थोरले मेहुणे उमटले. त्याचा हात थांबला.

"हे दर लग्नात रुसून जातात," तो म्हणाला. "देवानं मौका दिला होता."

मग उसासा टाकून त्यानं त्यांचंच नाव सगळ्यात गडद गिरवलं.