पुन्हा चालवून बघा

तिचा राग नाकावर होता असं म्हटलं, तर तो तिच्या रागाचा अपमान होईल. नाकावरचा राग येतो तसा जातो. हिचा राग मुक्कामाला आलेला होता. सकाळी तिच्याबरोबर उठायचा, चहा घ्यायचा आणि तिच्या आधी कामाला बसायचा. बरोबरचे लोक पाठीमागे तिला कटकट म्हणायचे. हे कळलं त्या दिवसापासून ती आपल्या ईमेलांखाली स्वतःच 'कटकट' अशी सही करू लागली आणि नाव ठेवणाऱ्यांची मजा गेली.

तिचं काम डेटाबेस दुरुस्त करण्याचं. दुकानं, दवाखाने, कचेऱ्या आपल्या नोंदी जिथे ठेवतात आणि हव्या तेव्हा शोधतात, ते सॉफ्टवेअर. हा डेटाबेस कुणा एकाच्या मालकीचा नव्हता. त्याचा कोड उघडा होता. कुणीही वाचावा, चूक काढावी, दुरुस्तीचा तुकडा, म्हणजे पॅच, लिहून पाठवावा. जगभर विखुरलेली माणसं हे करत होती. बरीचशी एकमेकांना कधी भेटली नव्हती, त्यामुळे मोकळेपणाने भांडू शकत होती. पॅच कुणीही पाठवला तरी तो मूळ कोडमध्ये घालायचा अधिकार मोजक्या लोकांकडे असे. त्यांना सगळे किल्लीवाले म्हणत, आणि त्यातल्या सर्वांत जुन्या माणसाला थोरले. कटकटकडे किल्ली नव्हती, फक्त जीभ होती.

कोडमध्ये जे काही नवीन जाईल त्यावर यंत्रं आपोआप चाचण्या चालवत. त्यात एक चाचणी अशी होती की बहुतेक वेळा पास व्हायची आणि मधूनच नापास. नोंदी घालायच्या, खोडायच्या, झाडूवाल्याला कामाला लावायचं, आणि हे सगळं चालू असतानाच शोध घेऊन बघायचं की मागितली तीच नोंद मिळते ना. झाडूवाला म्हणजे कोडचा एक भाग, जो खोडलेल्या नोंदींची जागा साफ करून नव्या नोंदींना देतो. चाचणी नापास झाली की लोक म्हणत, ते यंत्रच संथ आहे, पुन्हा चालवून बघा. पुन्हा चालवली की पास. होता होता तिचं नावच 'वेडी' पडलं. शेवटी थोरल्यांनी एक ओळ घालून टाकली: ही नापास झाली तर आपोआप पुन्हा चालवावी, आणि दुसऱ्या वेळी पास झाली तर कुणाला कळवू नये. कटकटने रान उठवलं. चाचणी वेडी नसते, कुठेतरी पाणी मुरतंय, असं तिने सगळ्यांना लिहिलं. मुरतंय तर दाखव, असं थोरल्यांनी उत्तर दिलं. तेव्हा तिला दाखवता आलं नाही. ती ओळ तिथेच राहिली आणि वर्षानुवर्षं दर भांडणात तिचा उल्लेख होत राहिला.

घरी ती आणि तिची धाकटी बहीण, दोघीच. धाकटी रक्तपेढीत तंत्रज्ञ होती. स्वभाव असा, की रांगेत कुणी पुढे घुसला तर हीच बाजूला सरकून त्याला नीट उभं राहू द्यायची. तिच्या वाटचा राग बहुधा मोठीनेच उचलला होता.

एका संध्याकाळी धाकटी आली आणि खांद्यावरची पर्स न काढताच खुर्चीत बसून राहिली. रक्ताच्या एका पिशवीवर चुकीच्या गटाचं लेबल लागलं होतं. रक्त लावण्याआधी खाटेशी पुन्हा एकदा गट तपासतात, तिथल्या नर्सने ते पकडलं, म्हणून रोग्याच्या जिवावरचं टळलं. लेबल लावणारी धाकटी होती. तिचं म्हणणं, मी पिशवीचा नंबर टाकला, पडद्यावर जो गट आला तोच लेबलावर छापून आला. पण पेढीच्या प्रमुख बाईंनी सगळ्या पिशव्यांची यादी काढली, तर तिच्यात गट बरोबर होता. म्हणजे यंत्र बरोबर आणि धाकटी चूक. काय झालं ते उद्या लेखी द्या, असं त्यांनी सांगितलं होतं.

"ताई, तिथे तुमचाच डेटाबेस आहे," धाकटी म्हणाली. "एक नंबर टाकला आणि त्याने भलत्याच पिशवीची नोंद दाखवली, असं होऊ शकतं का?"

दिवसभर त्या कोडच्या नावाने बोटं मोडणारी ही बाई, पण घरच्या माणसाने त्याला नावं ठेवली की लगेच त्याची आई व्हायची.

"नाही," कटकट म्हणाली. "नोंद असेल तर देईल, नसेल तर नाही म्हणेल. खोटं बोलणार नाही. घाईत तुझ्याकडून शेजारचा नंबर पडला असेल. नीट आठवून बघ."

धाकटीने नीट आठवून बघितलं. आठवत बसलं की कुठलीही गोष्ट हलायला लागते. दुसऱ्या दिवशी तिने लिहून दिलं की चूक माझीच असावी. चौकशी पुरी होईपर्यंत तिला घरी बसवलं, आणि तंत्रज्ञांच्या नोंदणीतून तिचं नाव काढायचं का, ते वर विचारायला पाठवलं. नाव निघालं असतं तर ती पुन्हा कुठल्याच प्रयोगशाळेत उभी राहू शकली नसती. दुसरं कुठलं काम तिला येत नव्हतं आणि करायचंही नव्हतं.

तिचे ते दिवस वाईट गेले. घर इतकं स्वच्छ झालं की कटकटला राहवेना. एकदा कपड्यांच्या घड्या करता करता धाकटी सहज म्हणाली की पेढीतला संगणकवाला मात्र भला माणूस, बिचारा लगेच धावून आला. काहीही तक्रार आली की तो आधी सगळ्या सूची नव्याने बांधून टाकतो. तशा बांधल्या आणि मग तिच्यासमोर तोच नंबर टाकला, तर गट बरोबर आला. मग ती बोलणार काय?

कटकटच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. डेटाबेसमधली सूची म्हणजे जाड पुस्तकाच्या शेवटी असते तशीच. कुठली गोष्ट कुठल्या पानावर, ते सांगणारी. नंबर टाकून शोधलं की डेटाबेस सूची बघून थेट त्या जागी जातो. पण सगळी यादी काढायची असली की सूचीकडे बघतही नाही, पानं एकामागून एक उलटत जातो. म्हणजे पानं बरोबर असून सूचीतला आकडा चुकलेला असेल, तर यादी बरोबर येणार आणि शोध चुकणार. आणि त्या भल्या माणसाने सूची नवी बांधून पुरावा स्वच्छ धुऊन टाकला होता.

"हे आधी का नाही सांगितलंस?" कटकटने विचारलं.

"तू विचारलंस कुठे," धाकटी म्हणाली आणि पुढची घडी घातली.

कटकट उठून आपल्या टेबलाशी गेली आणि वेडीला समोर घेतलं. इतकी वर्षं सगळ्यांनी तिला पुन्हा चालवलं होतं. हिने तिला रोखून धरलं. झाडूवाल्याच्या कोडमध्ये एकेका पायरीवर ती मुद्दाम थांबा घालत गेली, जेणेकरून जे क्षणात उरकतं ते डोळ्यांना दिसावं. नोंदीत साधा बदल केला तरी हा डेटाबेस जुनी नोंद खोडून नवी लिहितो. मग झाडूवाला येतो, सूचीतून जुन्या नोंदीचा उल्लेख पुसतो आणि तिची जागा मोकळी करतो. पण तो सूचीचं एखादं पान पुसायला निघाला आणि नेमकं तेव्हाच ते पान भरून त्याची दोन पानं झाली, तर नव्या पानाकडे तो बघतच नव्हता. जुना उल्लेख तिथे तसाच राहायचा. जागा मात्र मोकळी व्हायची आणि तिथे भलतीच नोंद येऊन बसायची. संथ यंत्रावर तो क्षण जरा लांबायचा, म्हणून वेडी तिथेच नापास व्हायची. योग्य ठिकाणी थांबा घातल्यावर ती दर वेळी नापास होऊ लागली. ती पहिल्यापासून एकच गोष्ट सांगत होती, आणि ती ऐकायची नाही म्हणून शहाण्यांनी खास एक ओळ लिहिली होती.

कटकटला संताप आवरेना. तिने खिडकी उघडली, आपटून बंद केली, पुन्हा उघडली. मग बसून पॅच लिहिला. तो अगदी लहान होता: पान पुसून झाल्यावर ते फुटलंय का बघा, फुटलं असेल तर शेजारच्या पानावरही जा. दूरच्या दोघांनी तो तपासला आणि तिचीच एक चूक दाखवली. तिने मनात चार शिव्या घातल्या, चूक सुधारली आणि पुन्हा पाठवला. थोरल्यांना सगळा प्रकार कळवताना बहिणीचंही लिहिलं.

थोरल्यांनी पॅच उत्तम आहे म्हणून कळवलं. प्रत्येक पॅचबरोबर तो कशासाठी आहे ते सांगणारी टीप जाते, आणि नवी आवृत्ती आली की जागोजागचे संगणकवाले तीच वाचतात. थोरल्यांनी टीप लिहिली होती: 'संथ यंत्रांवर अधूनमधून नापास होणारी चाचणी स्थिर केली.'

तिने फोन लावला. थोरले शांतपणे बोलत होते, आणि शांत माणसाशी भांडणं हा तिला नेहमीच मोठा छळ वाटे. त्यांचं म्हणणं, झाकली मूठ सव्वा लाखाची. चुकीची नोंद मिळू शकते असं छापलं तर हजारो कचेऱ्या घाबरतील, जुन्या सगळ्या कामावर शंका घेतील, डेटाबेसची पत जाईल. दुरुस्ती तर होतेच आहे. रोग बरा झाल्यावर बोंब कशाला मारायची?

"बरा होतोय तो पुढच्यांचा," कटकट म्हणाली. "ज्यांना होऊन गेला त्यांना कळायला नको, की तो रोग होता?"

"तुझ्या बहिणीचं प्रकरण आहे म्हणून तू बोलतेस. घरचं भांडण इथे आणू नकोस."

तिने फोन ठेवला आणि ईमेलच्या उघड्या यादीवर लिहिलं, जिथे पाठवलेलं सगळ्यांना जातं. बरोबर एक छोटा प्रोग्राम जोडला. नोंदी घाला, बदला, झाडूवाल्याला मधेच थांबवा, शोधा, आणि कुणाची नोंद मिळते ते आपल्याच डोळ्यांनी बघा. खाली लिहिलं, 'हातच्या कांकणाला आरसा कशाला? पुन्हा पुन्हा चालवायची तुम्हाला सवय आहेच.' कोड उघडा असण्याची हीच तर गंमत आहे. तो लपवू म्हणणाऱ्याच्या हाताखालीही उघडाच राहतो.

लोकांनी चालवून बघितलं. संध्याकाळपर्यंत उत्तरं येऊ लागली. कुणी हळहळलं, कुणी वेडीची माफी मागितली, जणू ती वाचणार होती. एकाने लिहिलं की त्यांच्या गोदामात असाच प्रकार घडला होता आणि त्यांनी कारकुनाला घालवून दिलं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी, यातली संन्यासी कटकटची बहीण एकटीच नव्हती; फक्त तिने दोर स्वतःच आपल्या गळ्यात घातला होता. कटकटने तो गोदामवाला मजकूर वाचला आणि पडदा बंद केला.

दुसऱ्या दिवशी थोरल्यांनी आपली ती जुनी ओळ स्वतःच काढली, सगळ्यांसमोर, 'ही मी घातली होती' असं लिहून. टीपही बदलली: 'या चुकीमुळे शोधात मागितलेल्या नोंदीऐवजी दुसरीच नोंद मिळू शकत होती. सूची नव्याने बांधल्यास त्याची खूण उरत नाही.' चूक कबूल करायला हिंमत लागते, असं म्हणून काहींनी त्यांचं कौतुक केलं. ती आधी लपवली नसती तर एवढी हिंमत खर्च झाली नसती, पण हे कोण बोलणार? या खेपेला कटकटही बोलली नाही.

टीप घेऊन धाकटी एकटीच पेढीत गेली. ताई बरोबर यायला निघाली होती, तर नको म्हणाली. प्रमुख बाईंनी टीप दोनदा वाचली, संगणकवाल्याला बोलावून आवृत्ती विचारली, आणि तो उत्तर देता देता पांढरा पडला. आवृत्ती तीच होती. बाईंनी तिथल्या तिथे वर कळवलं, चौकशी थांबवली आणि धाकटीला उद्यापासून या म्हणून सांगितलं.

घरी कटकट दारातच उभी होती. सगळं ऐकून तिने सुस्कारा टाकला, प्रमुख बाईंना एक शिवी दिली, संगणकवाल्याला दोन दिल्या, आणि थोरल्यांकडे वळणार इतक्यात धाकटी म्हणाली, "ताई, त्या चाचणीवरून तू त्यांच्याशी कधीपासून भांडत होतीस?"

"वर्षं झाली."

"म्हणजे मी विचारलं त्या दिवशी तुला माहीत होतं."

सिद्ध कुठे झालं होतं, दाखवता कुठे येत होतं, असं काहीतरी कटकटच्या ओठांवर आलं, आणि हे शब्द कुणाचे ते तिचं तिलाच ऐकू आलं. तिने ते गिळले.

"संशय होता," ती म्हणाली.

"त्यांच्याशी भांडताना होता. मी समोर बसून विचारत होते तेव्हा नव्हता." धाकटीचा आवाज चढत होता. "नंबर मी बरोबर टाकला होता. मला पक्कं आठवत होतं. तू म्हणालीस म्हणून मी माझ्या डोळ्यांवरचा विश्वास सोडला. इतके दिवस मी धरून चालले होते की मी एका माणसाला मारणार होते. तू सगळ्या जगावर रागावतेस, ताई. मी कुणावर रागावू?"

कटकटने खुर्ची ओढली आणि तिच्यासमोर बसली. "माझ्यावर," ती म्हणाली. "बोल."

आणि धाकटी बोलली. त्या दिवसांचं बोलली, मग त्याआधीचं, लहानपणापासूनचं, दर वेळी हिने बोलावं आणि तिने सरकून जागा द्यावी त्याचं. तिच्याजवळ इतकं साठलेलं असेल असं त्या घरात कुणाला वाटलं नव्हतं. शेजाऱ्यांनी आपला टीव्ही बारीक केला. कटकट मान खाली घालून ऐकत होती, आणि मधे एकदाही तिने तोंड उघडलं नाही.