आकेनेसेबाईंचा तिसरा धडा

आमच्या गावात लग्नाची तारीख फादर देत नसत, आकेनेसे देई. शनिवारी दुपारी चर्चमागच्या सभागृहात तिचे सहा वर्ग असत. सहाही भरायचे. एक चुकला की पुन्हा पहिल्यापासून. शेवटी अर्जावर तिची सही. ती नसेल तर घरच्यांनी कितीही चटया विणून ठेवोत नि डुकरं राखून ठेवोत, फादर सिमोना वही उघडत नसत. गावप्रमुखाच्या लेकीलाही तिने परत पहिल्या वर्गात बसवलं होतं, कारण एका शनिवारी पोरगी रग्बी बघायला गेली होती.

मी तिची चुलतबहीण, माकालिता. वर्गाच्या खुर्च्या मांडायच्या आणि कोको उकळायचा, हे माझं काम. बावीस वर्षं ऐकून सगळे धडे मला पाठ झाले होते. तिसरा तिचा लाडका. "लग्न फादर लावत नाहीत, पाहुणे लावत नाहीत," ती सांगायची. "लग्न तुमचा होकार लावतो. त्या दिवशी वेदीसमोर मनात होकार नसेल, तर पुढे पन्नास वर्षं एका चटईवर काढलीत तरी ते लग्न नव्हे." मग प्रत्येक मुलीला ती एकटीला स्वयंपाकखोलीत न्यायची, मला बाहेर हाकलायची आणि विचारायची, "कुणी जबरदस्ती केलीय का, पोरी?" दोन लग्नं तिने तिथेच मोडली. एकीचा बाप कोयता घेऊन आला, तर ही दारात उभी राहून म्हणाली, "आधी मला काप, डुकरं नंतर."

हे तिच्यात कुठून आलं ते मला ठाऊक होतं. अठराव्या वर्षी तिला दिवस गेले, तेव्हा तिच्या बापाने, माझ्या फालानिको काकांनी, तिला पट्ट्याने झोडपत चर्चच्या पायरीपर्यंत आणलं. तिच्या पाठीला खोबरेल लावून वर पांढरा झगा मीच चढवला होता. वेदीसमोर ती "हो" म्हणाली, कारण काका पहिल्या बाकावर बसले होते.

पण पुढे पाच मुलं झाली, मोठी होऊन ऑकलंड-सिडनीला गेली, आणि या सगळ्यात नवऱ्यावर तिचा खरोखर जीव जडला. सेतेफानोत तिला काय दिसलं, देव जाणे. राजधानीची, अपियाची बस चालवायचा, चर्चमध्ये गाण्यांचा पहिला सूर लावून द्यायचा आणि शनिवारी सभागृहाबाहेर नीरफणसाच्या सावलीत बस पुसत बसायचा. लग्नाच्या एकतिसाव्या वर्षी त्याच बसमधल्या लोसावर तो भाळला. लोसा चौतीस वर्षांची, अपियाच्या पोस्टात कामाला. सरकारी कोर्टाने घटस्फोट दिला. तो कागद आकेनेसेने भांड्यांच्या फळीवर अंथरला. देवापुढे लागलेलं लग्न सरकार काय मोडणार, म्हणाली.

पण लोसाच्या आईला चर्चमधलंच लग्न हवं होतं, आणि सेतेफानोला चर्चने थांबवलेला ख्रिस्तप्रसाद पुन्हा घ्यायचा होता. म्हणून त्याने बिशपांच्या न्यायालयात अर्ज केला, की आमचं लग्न मुळात झालंच नव्हतं. हे सांगायला निर्लज्ज स्वतः घरी आला.

"रागावू नकोस," तो म्हणाला. "एक अक्षर खोटं लिहिलेलं नाही. तुझ्या बापाने काय केलं, तेवढंच लिहिलंय."

"हे सुचवलं कुणी तुला?"

"तूच की. बावीस वर्षं तिसरा धडा ऐकलाय मी, बस पुसता पुसता."

महिन्याभरात न्यायालयाचे प्रश्न आले. त्यात तो एक होताच: त्या दिवशी तुमच्यावर दबाव होता का?

"नाही म्हणून लिही," मी म्हटलं. "काका गेले, काकू गेली. उरले मी. मीही नाही म्हणेन."

"बायबलवर हात ठेवायचाय, माकालिता."

"मग ठेव! जळतोय थोडाच!"

"अगं, नीट सगळं लिहिलं की त्यांना पुढची वर्षंही दिसतील. मार चार ओळींचा आहे. बाकी सगळा संसार आहे."

तिने अकरा पानं लिहिली. त्याला डेंग्यू झाला तेव्हा ती सतरा दिवस उशाशी बसली, ते लिहिलं. वादळात घर गेलं आणि दोघांनी पुन्हा खांब रोवले, ते लिहिलं. आणि मार लिहिला, चार ओळींत. न्यायालयाने त्या चार ओळी वाचल्या. मला बोलावलं, तेव्हा मीही हात ठेवून खरं तेच सांगितलं. माझ्यासारखी मूर्ख मीच. खोटं बोलायला हवं होतं.

निकाल फादर सिमोना स्वतः घेऊन आले. माणूस वाईट नाही. "मुलं औरसच राहतात हं, त्याची काळजी नको," ते म्हणाले. "आणि बाई, आता तुम्हीसुद्धा मोकळ्या."

"कशातून मोकळी, फादर?"

फादरांनी कोकोचा कप उचलला. तो रिकामा होता.

पुढल्याच महिन्यात शनिवारी सेतेफानो आणि लोसा वर्गात येऊन बसले. दुसऱ्या गावात जायची सोय नव्हती, अर्ज आमच्याच चर्चचा. गावातल्या बायांना तर उकळ्या फुटल्या. "सही देऊ नकोस गं! पिकल्या मिशांनी फिरू दे भटकत." पहिला धडा आकेनेसेने शिकवला, दुसरा शिकवला. तिसऱ्याला तिचा आवाज इतका सरळ होता की मीच चुलीपाशी जाऊन उभी राहिले.

चौथ्या शनिवारी लोसाची आई आजारी पडली आणि वर्ग बुडाला.

"पुन्हा पहिल्यापासून," आकेनेसे म्हणाली.

बायांनी टाळ्या पिटायच्याच बाकी ठेवल्या. कशी जिरवली, म्हणाल्या. जिरली कुणाची? आणखी सहा शनिवार त्या दोघांसमोर उभं राहून तिलाच बोलायचं होतं. तिसरा धडासुद्धा परत.

शेवटच्या शनिवारी तिने लोसाला स्वयंपाकखोलीत नेलं. या वेळी मी हलले नाही, आणि तिनेही हाकललं नाही.

"कुणी जबरदस्ती केलीय का, पोरी?"

"नाही, बाई." लोसा रडायला लागली. "बाई, मला माफ करा."

"क्षमेचा धडा दुसरा. तो दोनदा झालाय तुझा. डोळे पूस."

बाहेर येऊन तिने अर्ज पुढे ओढला. नाव, वय, बाप्तिस्मा, सगळं विचारून भरलं. मग सेतेफानोकडे बघून म्हणाली, "पूर्वी विवाह झाला होता का?"

"लिही ना. तुला माहितीय."

"तोंडाने सांगायचं. सगळ्यांनी तोंडानेच सांगितलंय."

तो मिशीवरून हात फिरवत राहिला. बायबल मध्येच टेबलावर होतं.

"नाही," तो म्हणाला. आणि चर्चच्या लेखी तेच खरं होतं, खोटारडाही म्हणता येईना मेल्याला.

तिने आपल्या गोल अक्षरात 'नाही' लिहिलं. मग सहीच्या जागी पेन टेकवलं आणि लिहिलं, आकेनेसे. तिथे हात थांबला. आमच्यात बायकोच्या नावापुढे नवऱ्याचं नाव येतं. बावीस वर्षांच्या सगळ्या अर्जांवर तिची सही होती, आकेनेसे सेतेफानो.

"माकालिता," वर न बघता ती म्हणाली, "लग्नाआधी मी काय सही करायचे गं?"

तिला विसर पडलेला नव्हता. तिने पुढे बापाचं नाव लिहिलं, फालानिको. एकेक अक्षर नीट काढलं, शाईवर फुंकर घातली आणि कागद सेतेफानोच्या हातात दिला.

"तारीख फादरांकडून घ्या," ती म्हणाली.