देवाकडे पाय

मी गणपतीच्या कारखान्यात पायाकडचं काम करते. नखं, तोडे, पाट आणि उंदीर. डोळ्यांची आखणी पुरुष करतात, ती वर. मी खाली. माझ्यासारख्या लाजरीला ते बरंच पडलं. मान वर करावी लागत नाही, आणि पायाशी बसलेल्या बाईशी कोणी फार बोलायला येत नाही.

पेणच्या जुन्या शेडमध्ये आम्ही बायका गोणपाटावर मांडी घालून बसायचो आणि मूर्ती समोर फळीवर असायची. गेली काही वर्षं मला खाली बसलं की उठता येईनासं झालं होतं. म्हणून सकाळी बसले की जेवणाच्या सुट्टीपर्यंत उठायचं नाही, आणि उठावं लागू नये म्हणून पाणी प्यायचं नाही, अशी सवय मी अंगाला लावून घेतली. सगळ्या बाहेर गेल्या की खांबाला धरून मागून उठायचे. त्यांना वाटायचं, ही लाजते म्हणून मागे राहते.

यंदा शेठच्या मुलाने कारखाना हातात घेतला. जुनी शेड पाडून लांबलचक पत्र्याची नवी शेड बांधली. त्यात कमरेइतकी उंच टेबलं एका रांगेत लावली. अंगाचा रंग आता मशीनच्या फवाऱ्याने मारतात, आणि पुढचं काम करायला मूर्ती एका बाईकडून दुसरीकडे सरकत जाते. उभ्याने काम झपाझप होतं, असं धाकट्या शेठचं म्हणणं. तरण्या पोरींना त्याचं काही वाटलं नाही. माझ्या बरोबरीच्या बायका मात्र एकेक करून यायच्या बंद झाल्या. उरलो मी आणि काकी. काकी खारेपाटातली, तिचं अर्धं आयुष्य मिठागरात गेलेलं. माझ्याहून मोठी, सोनेरी रंगाचं काम करते, आणि तोंडाने फटकळ.

घरी बसायची सोय मला नव्हती. माझे यजमान रोह्याला एका कंपनीत ठेक्यावर होते. त्यांना श्वास लागायला लागला तेव्हापासून घरी आहेत. आता कामाचं नाव काढायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. रामवाडीच्या नाक्यावरून दूध आणलं तरी हे दारात बसून राहतात, बोलू शकत नाहीत. पण माझं जरा कुठे दुखलं की म्हणतात, "तुझं काम सुटलं तर सांग. मी गेटवर वॉचमन लागतो. नुसतं बसायचंच तर असतं." मला माहीत आहे, वॉचमनला कोणी नुसतं बसू देत नाही. माझं काम सुटणं म्हणजे ह्यांनी कामाला जाणं, आणि ह्यांनी कामाला जाणं म्हणजे काय, ते मी लिहीत नाही.

उभं राहून मी काम करून पाहिलं. दुपारपर्यंत पोटऱ्या दगडासारख्या व्हायच्या, गुडघे लटपटायचे आणि ब्रश हलायचा. एकदा नखाचा रंग बोटभर खाली ओघळला. धाकटे शेठ तिथूनच जात होते.

"मावशी, बाप्पाला नेलपॉलिश लावताय की मेंदी?"

पोरी हसल्या. मीही हसले. पण धाकट्या शेठची बायको, आम्ही तिला वहिनी म्हणतो, ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी तिने घरातली प्लॅस्टिकची खुर्ची आणून माझ्या टेबलापाशी ठेवली.

"बसून करा मावशी. पाय रंगवायचे तर तुमच्या डोळ्यांसमोरच येतात."

खरंच येत होते. मला फार बरं वाटलं. पण टेबलाच्या खाली एक फळी होती आणि तिच्यावर लहान मूर्ती वाळायला ठेवलेल्या असायच्या. मी खुर्चीवर बसले तर माझे पाय नेमके त्यांच्या तोंडासमोर आले. काकीने वाकून पाहिलं.

"अगो, देवाला लाथ दाखवतंस व्हय?"

"अजून पूजा कुठे झालीय काकी," एक पोरगी म्हणाली.

"पूजा झाली नाय म्हणून काय उंदरावर बसशील तू? इतकी वर्षं मांडी घालून काम केलं. देवाकडे पाय केलं नाय कोणी."

मला तिचं म्हणणं चुकीचं वाटलं नाही, हीच तर अडचण. मलाही त्या बारक्या मूर्तींकडे बघवेना. मग मी पाय वर घेतले आणि खुर्चीतच मांडी घातली. ज्या गुडघ्यांसाठी खुर्ची आली तेच गुडघे दुमडून मी त्या खुर्चीत बसायला लागले. वहिनी लांबून बघायची आणि तिला वाटायचं, मावशींना बसायला मिळालं.

असेच दिवस गेले. मग एका दुपारी जेवायला उठताना माझा डावा पाय पार बधिर झाला होता. पाय टेकलाय असं मला वाटलं, पण तो टेकलेला नव्हता. मी टेबलाला धरायला गेले आणि काठावरची मूर्ती खाली गेली. सोंड वेगळी झाली. शेडमध्ये फवाऱ्याचं मशीनसुद्धा कोणीतरी बंद केलं. भंगलेल्या मूर्तीवर काकीने आपला पदर टाकला.

धाकटे शेठ ओरडले नाहीत. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"मावशी, होत नसेल तर घरी बसा. तुम्ही पडलात तर आमच्या गळ्यात."

घरी मी काही सांगितलं नाही. लेकीला भेटून येते म्हणाले आणि सकाळच्या गाडीने रोह्याला गेले. लेक तिकडेच दिलेली आहे, तिच्या ओळखीच्या एका कंपनीच्या कॅन्टीनला बाया कामाला घेत होते. निडीला गाडी थांबली. तिथे माझं माहेर. उतरावं आणि भावाच्या घरी जाऊन पडून राहावं, असं फार वाटलं. पण भावाला काय सांगणार, म्हणून बसून राहिले.

कॅन्टीनच्या ठेकेदाराचा माणूस चांगला होता. आम्हा बायकांना ओळीत उभं केलं आणि म्हणाला, "एकदा खाली बसून उठून दाखवा. फरशी पुसायला लागते, म्हणून विचारतो."

बाकीच्या बसल्या आणि उठल्या. मी बसले. तिथे धरायला खांब नव्हता. सगळ्यांच्या पायांकडे बघत मी तशीच बसून राहिले, आणि शेवटी त्यानेच मला काखेत हात घालून उठवलं. "जा आजी, सावकाश जा," म्हणाला. मला मावशी म्हणतात. आजी पहिल्यांदाच कोणी म्हणालं.

दुसऱ्या दिवशी मी कारखान्याच्या दारात जाऊन उभी राहिले. आत जायचा धीर नव्हता आणि परत फिरायला जागा नव्हती. आतून काकीने पाहिलं.

"तिथं काय तोरण बांधतंस? ये आत."

माझ्या टेबलाला बसायच्या बाजूने तिने आपल्या जुन्या लुगड्याचा पट्टा बांधला होता, फळीपर्यंत लोंबता. खालच्या मूर्ती त्याच्यामागे झाकलेल्या.

"बस. पाय सोड खाली. देवाला आता दिसत नाय."

मी पाय सोडले. पायांत रक्त उतरलं ते मला कळलं. डोळ्यांत पाणी आलं म्हणून मी लगेच नखांच्या कामाला लागले. थोड्या वेळाने काकी माझ्या कानाशी आली. तिचा आवाज इतका खाली मी कधी ऐकला नव्हता.

"दुपारच्याला जरा उठशील गो? माझे पण गुडघे हायेत."

तेव्हा मला समजलं, तीही इतके दिवस टेबलाला पोट लावून उभी राहत होती, आणि माझ्या खुर्चीकडे बघून इतकी का चिडत होती.

आम्ही आलटूनपालटून बसायला लागलो. दोघींचं काम सुधारलं. मी खुर्चीत असले की ती उभी, ती खुर्चीत असली की मी. पण धाकट्या शेठच्या नजरेत ते आलंच. वहिनी काही सांगायला पुढे झाली. "अजून एक खुर्ची ठेवू या," इतकंच ती म्हणू शकली. शेठ म्हणाले, "रांगेत खुर्च्या वाढवल्या तर सगळ्याच मागतील. एका खुर्चीला एक बाई. दोघींनी बसायचं तर हजेरीही अर्धी-अर्धी वाटून घ्या." त्यांना वाटलं असेल, एक जण आपोआप जाईल.

काकीने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं नाही. भीती वाटत होती की मी म्हणेन, तू जा. तीच म्हणाली, "सकाळ तुझी, दुपार माझी." आणि ब्रश धुवायला निघून गेली.

आता मी सकाळची जाते. जेवणाच्या सुट्टीत खुर्चीतून उठते, आणि खुर्ची गार व्हायच्या आत काकी तिच्यात बसते. घरी लवकर गेले तर हे विचारतील आणि कळलं की गेटवर निघतील. म्हणून मी पेणच्या एस.टी. स्टँडवर जाते. तिथल्या बाकावर एका कडेला बसून हे लिहिते. संध्याकाळपर्यंत किती गाड्या येतात, जातात. पाय पसरून बसलं तरी तिथे कोणी काही बोलत नाही.

अंधार पडायला लागला की बाकाचा दांडा धरून उठते आणि नेहमीच्या वेळेला घरी जाते. हे दारातच बसलेले असतात. विचारतात, "आज काम फार होतं का? दमलीस."

मी मान हलवते.