ताडीने धुतलेली टाकी

आमच्या भागातल्या एका रस्त्याचं भूमिपूजन दोनदा करावं लागलं, त्याला मी आणि माझे वडील जबाबदार आहोत. रस्ता एकदाही झाला नाही, त्याला मात्र आम्ही जबाबदार नाही.

सुरुवात चिंचणीला, आईबाबांच्या अंगणात झाली. बाबा एसटीत कंडक्टर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण अजूनही घरातून कुणी बाहेर पडायला लागलं की ते दाराच्या चौकटीवर दोनदा टकटक करतात. त्याशिवाय निघायचं नाही. एकदाच टक् केलं तर जिथे असू तिथे थांबायचं. (माझ्या लग्नात मी सासरी निघाले तेव्हा त्यांनी रडत रडत मोटारीच्या टपावर दोनदा वाजवलं होतं. ड्रायव्हर मी बसायच्या आधीच निघाला!)

तर अंगणात बाबांची जुनी मोटारसायकल उभी होती. ती बनवणारी कंपनी बंद पडली तरी गाडी चालू होती, आणि बाबा हा स्वतःचा कंपनीवरचा विजय समजत. पुढे गाडीही बंद पडली, पण बाबांनी हार मानली नाही. रोज सकाळी स्टँडवरच्या गाडीवर बसून ते पेपर वाचत. अग्रलेख दुसऱ्या गिअरमध्ये, क्रीडा पान चौथ्यात.

अडचण एवढीच की सगळ्या अंगणात जिथे दिवसभर ऊन असतं, नेमकी तिथेच ती उभी होती. आणि ते ऊन आईला जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, सुकवायला हवं होतं.

"पेपर वाचायला घरात खुर्ची हाय ना तुमाला?" आई म्हणायची. "मग माजा जवळा काय मी गाडीवर बसवून सुकवू?"

एके दिवशी मी बोईसरहून गेले तर आईने निकाल लावला होता. "रविवारी भंगारवाला येनार हाय. त्याच्या आधी ही गाडी आपल्या चाकानं, आपल्या आवाजात फाटकाबाहेर गेली, तर राहील. नायतर त्याच्या हातगाडीवरनं जाईल. माजं ठरलंय."

बाबांनी पेपरची घडी घातली. निधनवार्तांचं पान न वाचता! बाबांनी ते पान न वाचता पेपर मिटला, असं मी जन्मात पाहिलं नव्हतं.

"मी करते गाडी चालू," मी म्हणाले.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी पालघरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. आजवर मी फक्त पुस्तकं दुरुस्त केली होती, तीही खळीने.

बोईसरचा एक मेकॅनिक बोलावला. त्याचं एकच वाक्य होतं, "हो जाएगा, मॅडम." ते म्हणत म्हणत त्याने इंजिन उघडलं, धुतलं, पुन्हा बसवलं. मग त्याने पेट्रोलची टाकी काढून उलटी केली. आतून लालभडक भुसा पडला, वाटीभर. आईने लांबून विचारलं, "मसाला कुनी सांडला?"

"इंजन एकदम मस्त है," मेकॅनिक म्हणाला, "लेकिन टंकी में पेट्रोल कम, लोहा ज़्यादा है. ये सब कार्बोरेटर में जाएगा. नई टंकी लगा दो."

नवी टाकी कुठून आणायची? कंपनीच नव्हती. इतक्या वर्षांनी कंपनीने सूड उगवला होता!

मग मी वाचायला बसले. अडचण आली की मी वाचते. त्यामुळे ती सुटत नाही, पण तिला संदर्भ मिळतात. इंटरनेटवर उपाय सोपा होता. टाकीत एखादं आम्ल ओता, मूठभर नटबोल्ट टाका, सगळी भोकं बंद करा आणि तासन्‌तास हलवा. गंज सुटतो. आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर तारापूरची एमआयडीसी, तिथे आम्लाला काय तोटा! पण 'नैसर्गिक' आणि 'घरगुती' हे दोन शब्द दिसले की मी वाहवत जाते. व्हिनेगर चालतं, असं लिहिलं होतं. आणि ताडी जास्त दिवस राहिली की तिचं दुसरं काय होतं?

घिवलीला माझा मामा राहतो. त्याला फोन केला.

"मामा, आंबलेली ताडी आहे का रे?"

"ताजी होती तवा तू आली नाय. आता आंबल्यावर इचारते?"

"प्यायला नको. टाकी धुवायचीये."

पलीकडे फोनवर हात ठेवल्याचा आवाज आला. मग मामा मामीला म्हणाला, ते मला ऐकू आलं, "जास्त शिकली ना पोरगी, म्हनून."

मामाने मोठा कॅन भरून ताडी दिली. वास असा, की माझी स्कूटर घिवलीहून चिंचणीत पोहोचायच्या आधी वास पोहोचला.

आता नटबोल्ट. इथे मी माझी स्वतःची बुद्धी वापरली (हे वाक्य पोलीस ठाण्यात सांगायची वेळ पुढे थोडक्यात टळली). विकतचे नटबोल्ट कशाला? समोर एवढा समुद्रकिनारा आणि त्यावर टणक, धारदार, फुकटचे शिंपले! पिशवीभर वेचून आणले, ठेचले, टाकीत घातले, वर ताडी ओतली. खालच्या नळीच्या भोकाला रबरी बूच ठोकलं. झाकणाला हवेसाठी एक बारीक छिद्र असतं, तेही मी गळक्या नळाला मळून लावतात तो लांबीसारखा गोळा लावून पक्कं बुजवलं. झाकण घट्ट फिरवलं, वरून जुन्या लुगड्याची पट्टी बांधली. बाबा म्हणाले, "हवेला जागा ठेव थोडी." मी म्हणाले, "बाबा, मी वाचलंय."

मग टाकी गोधडीत ठेवून, गोधडीची दोन टोकं मी धरली, दोन बाबांनी, आणि आम्ही झोके द्यायला लागलो. शेजारीपाजारी कुंपणापाशी जमले. आई जवळा निवडता निवडता म्हणाली, "झोके देतायच तर नाव तरी ठेवा."

थोड्याच वेळात माझी कंबर गेली, मग बाबांची. शनिवारची सकाळ होती आणि भंगारवाला दुसऱ्या दिवशी यायचा होता. बाबा ओट्यावर बसून टाकीकडे बघत राहिले. अचानक त्यांचा चेहरा उजळला.

"सुलू, आपल्याला ही हलवायचीच हाय ना? मंग तो रस्ता कशाला हाय?"

बोईसरहून किनाऱ्याकडे येणारा एक रस्ता आहे. त्याचं नाव सांगत नाही. रस्ता आहे असं म्हटल्याने त्याच्यावर दडपण येतं. बाबांनी त्यावर वर्षानुवर्षं एसटीत उभं राहून तिकिटं फाडली होती. त्यातला प्रत्येक खड्डा त्यांना ओळखत होता.

मी स्कूटर काढली. बाबा मागे बसले, मांडीवर गोधडीत गुंडाळलेली टाकी. त्यांनी टाकीवर वाजवलं, टण्‌ टण्‌! आम्ही निघालो.

आजवर त्या रस्त्यावर मी सगळ्यांना खड्डे चुकवत जाताना पाहिलंय. आम्ही एकेक शोधून त्यात जात होतो.

"डावीकडचा घे, डावीकडचा! अगं, चुकवतेस काय? हा, आता समोरचा जोडखड्डा. मधनं नको, दोन्ही घे!"

"बाबा, माझी कंबर..."

"कंबर नंतर. टाकी आधी!"

समोरून येणारा रिक्षावाला खड्डा चुकवायला आमच्या बाजूला आला, आम्ही तोच खड्डा गाठायला त्याच्या बाजूला गेलो. तो ओरडला, "ओ ताई, दिसत नाय का खड्डा?" बाबा अभिमानाने म्हणाले, "दिसतो म्हनूनच!"

एक फेरी झाली. दुसरी झाली. मागून बारीक फुस्स, फुस्स असा आवाज यायला लागला.

"सुलू, टाकी बोलतेय."

"गंज सुटतोय, बाबा!" मी आनंदाने किंचाळले. "रासायनिक प्रक्रिया आहे ती!"

प्रक्रिया होतीच. फक्त ती गंजाशी चाललेली नव्हती. शिंपल्यांवर आम्ल पडलं की फसफसून वायू सुटतो, हे आठवीच्या पुस्तकात असतं म्हणे. ते पुस्तक आमच्या ग्रंथालयात आहे. त्याच्या पाठीवरचा क्रमांक मी स्वतःच्या हाताने टाकलाय.

तिसऱ्या फेरीला वळणावर पाहतो तो रस्त्यात मांडव! दुसऱ्या फेरीपर्यंत नुसते बांबू होते. आता सनई लागली होती, रांगोळी होती आणि फलकावर "रस्ता रुंदीकरण व डांबरीकरण, भूमिपूजन सोहळा" असं लिहून खाली इतके हसरे चेहरे छापले होते, की प्रत्येकाने एकेक खड्डा बुजवायला घेतला असता तरी काही चेहरे उरले असते. मधोमध पांढऱ्याशुभ्र कपड्यांतले एक साहेब, हातात चंदेरी रंग दिलेली कुदळ. छायाचित्रकार म्हणत होता, "साहेब, कुदळ थोडी वर. अजून वर. हसा."

बाबांनी टाकीवर एकदाच वाजवलं, टण्‌. मी ब्रेक मारला. थांबलो तो नेमका एका हवालदारासमोर.

हवालदाराने नाक वर केलं. आमच्याकडे दमणहून येणाऱ्या दारूच्या बाटल्या पकडायला पोलीस उभे असतात, त्यामुळे त्यांची नाकं तयार असतात.

"मॅडम, काय आहे गोधडीत?"

"टाकी," मी म्हणाले.

"कसली?"

"पेट्रोलची."

"टाकीत काय?"

खोटं बोलणं मला जमत नाही. "ताडी," मी म्हणाले.

हवालदाराने आयुष्यात बरंच पाहिलं असावं. पण गोधडी, गोधडीत टाकी आणि टाकीत ताडी घेऊन सकाळपासून खड्ड्यांतून चकरा मारणारी बाई आणि म्हातारा, हे त्यालाही नवीन होतं.

"टाकीतनं धंदा करता काय? जप्त करतो ही!"

"नको हो साहेब!" बाबांचा आवाज चिरकला. त्यांनी टाकीला दोन्ही हातांनी मिठी मारली. "उद्या भंगारवाला येनार हाय. आज टाकी गेली तर माजी गाडी गेली."

"मग उघडा. बघू दे काय आहे ते."

"आता नको उघडायला," बाबा म्हणाले. "ती लई रागात हाय."

"उघडा, बाबा," मी ताठ मानेने म्हणाले. "आपण काही लपवत नाही."

बाबांनी लुगड्याची पट्टी सोडली आणि झाकण अर्धं फिरवलं.

पुढचा अर्धा फेरा झाकणाने स्वतःच घेतला. ठाप्प! झाकण उडालं ते थेट फलकावर, एका हसऱ्या चेहऱ्याच्या दातांवर. पाठोपाठ फेसाळ, लालसर, शिंपल्यांचा भुगा मिसळलेलं कारंजं मांडवाच्या दिशेने गेलं. साहेबांची कुदळ छायाचित्रकाराच्या सांगण्यावरून अजून वरच होती, त्यामुळे त्यांना तोंड झाकायला हात नव्हता. क्षणात पांढरे कपडे विटकरी झाले. माइक चालू होता. साहेबांचा पहिला शब्द पार बाजारापर्यंत ऐकू गेला. तो इथे छापता येत नाही.

दुसरा शब्द गर्दीतल्या एका काकांचा. त्यांनी गालावरचा थेंब बोटाने पुसला, चाखला आणि जाहीर केलं, "ताडी हाय! पन आंबलेली." त्या सोहळ्यातली ती सगळ्यात मोठी टाळी.

"चला पोलीस ठाण्यात!" हवालदार ओरडला.

तेवढ्यात बाबांच्या अंगात जुना कंडक्टर संचारला. सुट्टे नसलेल्या प्रवाशांशी बोलायचा तो शांत आवाज लागला. "चला की. पंचनामा करा. ताडी किती, तर थोडी टाकीत, बाकीची साहेबांवर. मुद्देमाल म्हनून टाकी आन् साहेब, दोघांना घेऊन चला."

हवालदाराने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी स्वतःच्या सदऱ्याचा वास घेतला. मोबाइल समोर धरलेल्या साऱ्या गावाकडे पाहिलं. मग मंद स्वरात म्हणाले, "जाऊ द्या त्यांना. आत्ताच्या आत्ता."

टण्‌ टण्‌!

घरी येऊन टाकी धुवायला घेतली. आत डोकावले आणि ओरडलेच. गंज गेला होता! ताडीने काही केलं नव्हतं. शिंपल्यांनी आणि खड्ड्यांनी खरवडून काढला होता. बाबांनी आनंदाने टाकीत नळ सोडला. आणि टाकीच्या पोटातून बारीक बारीक धारा उडाल्या, चहूबाजूंनी. इतकी वर्षं ती टाकी गंजानेच धरून ठेवली होती. गंज काढला, तर टाकी म्हणून काही उरलंच नव्हतं!

बाबा ओट्यावर बसले. ह्या वेळी त्यांच्याजवळ पेपरही नव्हता.

रविवारी सकाळी भंगारवाल्याची हाक आणि मेकॅनिक एकदमच आले. मेकॅनिकने चाळणी झालेली टाकी पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, "हो जाएगा." त्याने पाण्याची रिकामी बाटली घेतली, तिच्या बुडाशी नळी जोडली, पेट्रोल भरलं, नळीचं दुसरं टोक कार्बोरेटरला लावलं. "बस, इसको कोई ऊपर पकड़ के बैठे."

बाबांनी किक मारली. एकदा, दोनदा. मग ती गाडी असा आवाज करून उठली की शेजारच्यांच्या कोंबड्या छपरावर गेल्या. पण बाटली वर धरणार कोण? माझी कंबर तर खड्ड्यांत राहिली होती. आई जवळ्याची परात खाली ठेवून उठली.

"व्हा पुढं," ती म्हणाली, आणि मागे बसली. सलाइनची बाटली धरून पेशंटबरोबर निघालेल्या नर्ससारखा हात उंच. गाडी आपल्या चाकानं, आपल्या आवाजात फाटकाबाहेर गेली. भंगारवाला हातगाडी बाजूला घेऊन वाट देत उभा राहिला. कोपऱ्यावर बाबा वळवायला लागले, तशी आईने त्यांच्या पाठीवर दोनदा थापटलं. टण्‌ टण्‌. गाडी समुद्राकडे गेली आणि पेट्रोल संपेपर्यंत काही आली नाही.

गाडी राहिली. उन्हातून जरा सरकवली, एवढंच. पुढे साहेबांनी नवे कपडे घालून पुन्हा भूमिपूजन केलं. त्या दिवशी आमच्या फाटकाबाहेर खास एक हवालदार बसवला होता. आईने त्याला चहा दिला.

आणि टाकी? ती आईने मोगऱ्याच्या वाफ्यावर टांगली आहे. सकाळी नळ सोडला की सगळ्या वाफ्यावर सारखं, बारीक पाणी पडतं. कुणी पाहुणा आला की आई कौतुकाने दाखवते, "आमच्या सुलूनं केली ही झारी. एवढी पुस्तकं वाचली पोरीनं, शेवटी काहीतरी उपयोग झाला!"