स्विचमधला चिन्नोर

गजेंद्रभाऊ वायर खोचण्याआधी तिच्या टोकावर फुंकर मारायचे. चहा अर्धा गरम प्यायचे, अर्धा काम संपल्यावर, थंड. बंद पडलेल्या यंत्राला खराब म्हणत नसत; ‘आजारी आहे’ म्हणत. स्क्रू शर्टाच्या खिशात ठेवायचे. घरी धुरपतावहिनी खिसा उलटा करून मगच शर्ट भिजवायच्या.

गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावच्या आमच्या संगणक केंद्रात ते आठ वर्षं कंत्राटावर दुरुस्तीचं काम करत होते. मी मराठीत एम.ए. करून तिथेच टायपिंग शिकवतो.

दसऱ्यानंतर ऑनलाइन परीक्षेसाठी आठ नवे संगणक आले. सगळ्या संगणकांच्या नेटवर्कच्या वायरी एका स्विचमध्ये जात; वायर खोचायच्या चोवीस खाचांचा, म्हणजे पोर्टांचा, चपटा डबा. जुने सोळा संगणक चालत होते. नवा एकही जोडला जाईना.

संचालक गोवर्धन सर भाऊंना म्हणाले, “स्विच गया. तुझ्याच हातानं गेला.”

परीक्षा दोन दिवसांवर होती. भाऊंचं कंत्राट त्याच महिन्यात संपत होतं.

भाऊंनी नव्या संगणकाची वायर वापरातल्या पोर्टात लावली. दिवा लागला. जुन्याची वायर रिकाम्या पोर्टात लावली. लागला नाही. मग स्विच बंद करून त्यांनी रिकाम्या पोर्टांत टॉर्च मारला.

“ओमेश, पाय. का दिसते?” त्यांनी मला वाकून बघायला लावलं.

आत वाळलेलं कुंकू होतं आणि तांदळाचे दाणे.

दसऱ्याला सरांनी स्विचची पूजा केली होती. पाणी शिंपडलं, मूठभर अक्षता टाकल्या. वायर खोचलेले पोर्ट वाचले. रिकामे आठ भरले.

“चिन्नोर तांदूळ आहे,” भाऊ हसले. “माह्याच घरचा. सरनंच मांगला होता.”

“सरांना सांगू नका.”

“काऊन? खोटं बोलू का?”

ते जुन्या टूथब्रशनं दाणे काढायला बसले. पाच पोर्ट साफ झाले तेव्हा सर आले, मागे सगळा स्टाफ. भाऊंनी खरं ते सांगितलं.

“म्हणजे आमच्या पूजेनं बिघडलं?”

“तसं नाही सर. साफ करून राहिलो. अर्धा तास द्या.”

“गोंदियाहून नवा आण. संध्याकाळपर्यंत नाही आला, तर उद्या तूही येऊ नको.”

भाऊंनी ब्रश स्विचवर ठेवला. मला म्हणाले, “येतो रे पुस्तकवाल्या. याले हात लावू नको. आल्यावर करतो.”

परतताना ट्रकनं त्यांच्या मोटरसायकलला उडवलं. ते जागीच गेले. नव्या स्विचच्या खोक्यावर ओरखडाही नव्हता.

परीक्षा ठरल्या दिवशी झाली. त्याआधी सरांनी नव्या स्विचला कुंकू लावलं, अक्षता टाकल्या. पूजेचं ताट मी धरलं होतं.

जुना स्विच भंगारात टाकायला माझ्याकडे दिला. मी तो सुरू करून साफ झालेल्या पाच पोर्टांत एकेक संगणक जोडून पाहिला. पाचही दिवे लागले.

उरलेल्या तीन पोर्टांत त्यांच्या घरचा चिन्नोर अजून तसाच आहे.