कुंकवाखालचा नंबर

आमच्या घरात रिव्हॉल्व्हर आहे म्हटलं की पाहुणे जरा सरसावून बसतात. निवांत बसा म्हणते मी. लासुर्ण्याच्या शिवारात आमची वस्ती एकटी, चारी बाजूंनी ऊस, म्हणून सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, लायसन काढलेलं. त्यांच्यामागं हत्यार रीतसर आमच्या मालकांच्या नावावर झालं. आजवर त्याला माणूस सोडा, कुत्रंसुद्धा भ्यालं नाही. पण यंदा त्याच्यापायी मालकांचा जीव थाऱ्यावर नव्हता.

झालं असं, लायसनची मुदत संपत आली. ठाण्यात हत्यार दाखवावं लागतं, म्हणून यांनी कपाटातनं चामड्याचं कव्हर काढलं, तर आतलं हत्यार चिकटल्यासारखं निघालं. अंगभर तांबूस गंज, आणि नंबर कोरलेला असतो नेमक्या त्या जागेवर खपली. नंबर वाचता आला नाही तर लायसन अडणार. वर कुणी म्हणालं, मुद्दाम खोडलाय, तर केसच.

"आगं, ह्ये कशानं झालं?"

"कशानं म्हंजे? खंडेनवमीला कुणी माखलं त्याला?"

आमच्यात खंडेनवमीला कोयते, पहार, ट्रॅक्टर, मोटरीचा स्टार्टर, सगळ्यांची पूजा. हळदकुंकू पाण्यात कालवून बोटं ओढायची. कोयत्याचं काय, उसात गेला की घासून लख्ख होतो. रिव्हॉल्व्हर कुठं जातंय? आणि पुजलेलं पुसायचं नाही, ही सासऱ्यांपासूनची रीत. मालकांनी ओल्या कुंकवासकट ते कव्हरात घातलं, कव्हर कपाटात, आणि कपाटाला कुलूप.

पुण्याला बंदुकीच्या दुकानात दोघंही गेलो. गाडीत यांचा हात सारखा पिशवीवर.

"बसा की नीट."

"बसलोय की!"

दुकानदार तरणा होता, पण बोलायला गोड. म्हणाला, "काका, चामडं घाम आणि ओल धरून ठेवतं. त्यात तुमचं कुंकू. हे जुनं काळं पॉलिश फार पातळ असतं, तेलाचा हात फिरवत राहिलं तरच टिकतं." मग त्यानं सिरॅमिकचा थर सुचवला. फवारून भट्टीत भाजतात म्हणे. घाम, ओल, चरे, यांना बरीच वर्षं दाद देत नाही.

मी विचारलं, "डोशाच्या काळ्या तव्यावर आसतो तसा?"

तो हसला. "तसंच समजा, काकू. पण खाली गंज राहिला तर वरचा थर पापुद्रे धरून सुटतो. आधी गंज पुरता काढायला हवा."

"आन् नंबर?" हे उठूनच उभे राहिले.

"तीच तर अडचण. मशीननं बारीक वाळूचा मारा केला तर नंबरही जाईल. तेवढी जागा झाकून हातानं साफ करतो. पण खाली किती खाल्लंय, ते आत्ता नाही सांगता येत."

हत्यार तिथं ठेवून आलो, आणि घरात कुणालाच बसवेना. हे भिजलेल्या उसाला पुन्हा पाणी सोडायचे, मग धावत जाऊन मोटर बंद करायचे. फोन वाजला की दोघंही दचकायचो, आणि तो निघायचा कुठल्यातरी खतवाल्याचा. माझी तरी कुठं निराळी तऱ्हा? भाकरी तव्यावर टाकून मी अंगणात जाऊन उभी राहायची. करपल्या भाकरी हे मुकाट खायचे, एरवी घर डोक्यावर घेतलं असतं.

शेवटी बोलावणं आलं. हत्यार नव्या कढईसारखं काळंशार, चमक नाही, हाताला घट्ट लागणारं. नंबर होता. खड्ड्याखड्ड्यांतला, पण होता. दुकानदारानं बजावलं, "थर बाहेरून आहे. नळीच्या आत तेल लागणारच. आणि कव्हरात ठेवायचं नाही."

ठाण्यातल्या साहेबांनी बॅटरी मारून बघितलं. शेवटच्या आकड्यावर अडले. "हा तीन हाय का आठ?" यांनी लायसनच पुढं सरकवलं. साहेबांनी हत्यार तिरपं धरलं, अंगठा फिरवला, लायसनकडं बघितलं. "आठच हाय. जपा जरा, तात्या."

मग आली खंडेनवमी. पाटावर कोयते, त्यांच्या शेजारी रिव्हॉल्व्हर. यांचं कुंकवाचं ओलं बोट पुढं आलं आणि हवेतच थांबलं.

"आता थर हाय की. काय हुतंय?"

"थर हाय म्हणून पाटाच्या पाण्यात बुडवता का?"

"मग पूजा करायचीच न्हाय? आबांना काय वाटंल?"

मी पुढ्यात सुपारी मांडली. "हिला लावा. आबांचं हत्यार नीट ऱ्हायलं, तर आबा काय म्हणत न्हाईत."

सुपारीला कुंकू लागलं. यांनी हात धुतले, कोरडे केले, धोतरानं पुन्हा पुसले. तरी उठेनात. हत्यार उजेडाकडं तिरपं धरून आधी पुटपुटत सगळा नंबर वाचला, शेवटचा आठ जरा मोठ्यानं, आणि मग नमस्कार केला.