टाचा दाखवा

रोज उन्हं उतरू लागली की ती मुक्कामघराच्या दारात बुटकं स्टूल टाकून बसायची आणि येणाऱ्या प्रत्येक यात्रेकरूला एकच सांगायची, "बूट काढा. टाचा दाखवा."

मुक्कामघर फक्त पायी येणाऱ्यांसाठी होतं. ते चालवणाऱ्या संस्थेचा तसा नियमच होता. पुढे घाट, आणि घाट संपेपर्यंत पाठ टेकायला दुसरी जागा नाही. त्यामुळे बसने येऊन फुकटात खाट अडवणारेही कमी नसत. ती नुसती वाकून बघायची. फोड, पट्टीखालचा ओलावा, मोज्याच्या काठाचा वळ, नखाखाली साकळलेलं रक्त. यातलं काही दिसलं नाही, तर "बसने आलात ना? मग बसनेच जा," म्हणून मोकळी. एका गुळगुळीत पायांच्या गृहस्थाला तिने सरळ विचारलं होतं, "हातांवर चालत आलात काय?"

गावात तिला टाचकाकू म्हणत. तोंडाने फटकळ, नाकावर माशी बसू न देणारी. तिच्याशी कुणाचं पटत नसे आणि तिलाही पटवून घ्यायचं नसे. पण टाचकाकूने आत घेतलं म्हणजे माणूस चालत आला, एवढं तिच्याशी उभा दावा असणारेही मानत. तेवढीच तिची पत होती, आणि ती तिला जिवापलीकडे जपायची.

त्या दिवशी ती वरच्या खोलीत खिडकीशी चादर झटकत होती. वळणावरून दोन बायका येताना दिसल्या. एक तरुण, पाठीवर सॅक. दुसरी वयस्क, काठी टेकत, डावा पाय ओढत. डोकं एका बाजूला कललेलं ठेवायची तिची लकब बघून टाचकाकूचा हात थांबला. धाकटी जाऊ.

नवरा गेल्यावर टाचकाकू या जावेच्या दारात गेली होती. एक खोली हवी होती, तीही काम मिळेपर्यंत. जावेने अर्धंच दार उघडलं. "जागा कुठेय, जाऊबाई? पाहुणे आलेत." तिच्या खांद्यावरून आतली खोली दिसत होती. एक शिलाई मशीन, दोरीवर एक टॉवेल, बाकी मोकळी फरशी. तेव्हापासून दोघींमध्ये चकार शब्द नव्हता.

ती खाली येऊन स्टुलावर बसली.

"जाऊबाई? तुम्ही इथे?" धाकटी पायरीवर टेकली.

"बूट काढ."

गुडघा भोपळ्यासारखा सुजलेला होता. टाचा मात्र कोऱ्या. जागा नाही म्हणावं, तर उघड्या दारातून रिकाम्या खाटा दिसत होत्या.

"बसने आलीस," टाचकाकू म्हणाली.

आतले यात्रेकरू दारात येऊन उभे राहिले. बरोबरची तरुणी पुढे झाली. "काकू, मी नर्स आहे. निघाल्यापासून या माझ्याबरोबर चालतायत. मीच रोज टाचांना मलम चोळते, म्हणून फोड नाहीत. जरा गुडघा तरी बघा!"

"गुडघे वयानेही सुजतात. मी टाचा बघते."

"म्हणजे मी खोटं बोलतेय?"

"तुझ्या टाचा ठीक आहेत. तू आत जा आणि गप्प पड."

धाकटीने मोजे पुन्हा चढवले. आवाज न चढवता म्हणाली, "मागचं उट्टं काढताय ना? काढा. मी तेव्हा जागा नाही म्हणाले होते, तुम्हीही तेवढंच म्हणा. मी उठून जाईन. पण बसने आले म्हणू नका. एवढं चालून आलेय मी."

"बसने आलीस."

"वरच्या खिडकीत चादर झटकत होतात त्या तुम्हीच, जाऊबाई; मला चालत येताना पाहिलंत. कोण ते कळलं नव्हतं, तरी मी हात केला होता."

दारात जमलेल्यांनी माना वर केल्या. खिडकीच्या चौकटीवरून अर्धी चादर बाहेर लोंबत होती.

नर्सने सॅक पाठीवर टाकली आणि धाकटीला काखेत हात घालून उठवलं. मग आतून एकेक जण सामान घेऊन बाहेर पडू लागला, स्टुलाला वळसा घालून. एक म्हातारे गृहस्थ जाता जाता म्हणाले, "आमच्या टाचांचाही आता भरवसा धरू नका, काकू." समोरच्या गॅरेजवाल्याने गाड्या बाहेर काढून फरशीवर सतरंज्या टाकल्या.

"उंदीर आहेत तिथे!" ती ओरडली. "कान कुरतडतील!"

"तिथल्यापेक्षा बरे," गॅरेजवाला म्हणाला.

गोष्ट वाटेवर धाकटीच्या पुढेही गेली आणि मागेही. गॅरेजात खाटा आल्या. चुकूनमाकून इकडे वळलेला एखादा हसत पाय पुढे करायचा, "आम्हीही बसनेच आलो म्हणा!" त्यानंतर तिने टाचा बघणं सोडलं. धाकटी देवस्थानापर्यंत चालत पोचली, असं कुणीतरी टाचकाकूला ऐकू जाईल अशा बेताने नळावर बोललं. तिने बादलीखालचा नळ आणखी मोठा सोडला.

संस्थेने तिला काढलं नाही. त्या ओसाड घरात राहायला दुसरं कोण तयार होणार? ती दर आठवड्याला सगळे अभ्रे धुवायला द्यायची. एका दुपारी लाँड्रीवाला गाठोडं सोडून म्हणाला, "काकू, यांच्यावर कुणी डोकं ठेवलेलंच दिसत नाही. कशाला धुवायचे?"

त्याच संध्याकाळी ती खुर्चीत गेलेली सापडली. त्यामुळे तिचं शेवटचं बोलणं त्याच्याशीच झालं.

"तुला काय करायचंय? धू, आणि कोपरे जुळवून घड्या घाल. मागच्या वेळी वाकड्या होत्या."